सॅक की ट्रॉली

फोंडा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत जायला तू पाठवलेली सामानाची यादी आईने मोठ्याने वाचून दाखवली आणि वाचता वाचता तिच्यात स्वतःची भर घातली. लाडू, चिवडा, काजूगर, सोलं आणि दोन चादरी. फोनवर बोलायला घेतलं की ती मध्येच फोन ओढून घेते, म्हणून लिहून पाठवतोय. काणकोणहून शनिवारी येशील, तोवर तुझं काहीतरी ठरलेलं असू दे.

ट्रॉली न्यायची की सॅक, असं तू विचारलंस. सॅकच ने. चाकांचा उपयोग प्लॅटफॉर्मवर आणि विमानतळावर. मडगाव स्टेशनच्या जिन्यावर ट्रॉली हातात धरूनच चढवावी लागते. हरिद्वारहून पुढे जोशीमठचा रस्ता अख्खा दिवस खातो, तिथे सामान गाडीच्या टपावर ताडपत्रीखाली जातं. आणि गाडीरस्ता संपतो ते पुलना सोडल्यावर घाटीच्या अलीकडच्या घांगरिया गावापर्यंत 10 किलोमीटर दगडी चढण. तिथे खेचरं मिळतात, हे मलाही ठाऊक आहे. पण खेचर आहे म्हणून ओझं वाढवायचं, हे मला पटत नाही. तुझी छत्री आणि स्वेटर खेचरावर पुढे गेले आणि तू पावसात मागे राहिलीस, तर काय करशील?

आता वजन. जाताना गोवा एक्स्प्रेस आहे. थ्री टियर एसीला रेल्वे 40 किलो फुकट नेऊ देते, म्हणून आई निर्धास्त आहे. पण येताना तुम्ही दिल्लीहून मोपाला विमानाने येणार. तिथे साधारण 15 किलो बॅगेला आणि 7 किलो हातात, वर एक किलो झाला तरी पैसे मोजावे लागतात. तेव्हा बॅग विमानाच्या हिशेबाने भर. खरं तर त्याहूनही कमी भर. मी म्हणतो 10 किलो, पाण्याची बाटली धरून. शनिवारी भरलेली सॅक पाठीवर घे आणि फर्मागुडीची चढण चढून दाखव. वर पोचल्यावर तुला बोलता आलं, तर सामान बरोबर आहे. धाप लागली तर घरी येऊन निम्मं उपस.

कदंबच्या बशीत इतकी वर्षं तिकिटं फाडली, त्यात एक गोष्ट नेहमी दिसायची. ज्याच्याजवळ बोचकी जास्त, तो उतरायच्या दोन स्टॉप आधीपासून दारात उभा. गप्पा नाहीत, बाहेर बघणं नाही, डोळे सगळे पिशव्यांवर. कुळे सोडल्यावर दूधसागर लागेल, ऑगस्टात तो भरून कोसळत असतो. त्या वेळी तू सीटखाली साखळी लावत बसलेली नसावीस, एवढंच माझं म्हणणं आहे.

कपड्यांचं नीट वाच. पाऊस आपल्याला नवा नाही, पण आपला पाऊस उकडणारा. भिजलो तरी पंख्याखाली बसलो की झालं. घांगरिया 3000 मीटरच्या वर आहे, तिथे भिजलेला माणूस गारठतो. म्हणून सुती कपडे कमी आणि जीन्स अजिबात नको. जीन्स कोरडी असतानाच जड, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि ते पाणी तूच पाठीवर वाहणार. पटकन वाळणाऱ्या दोन पॅंट, तीन टी-शर्ट, आत घालायचा एक गरम जोड, त्यावर स्वेटर आणि सगळ्यांवर पावसाचं जाकीट. थंडी वाढली की एकावर एक चढवायचं, चालताना घाम आला की उतरवायचं. एका जाड कोटात ही सोय नाही. मोजे मात्र भरपूर घे, त्यात काटकसर करू नकोस. टर्किश टॉवेल ठेव घरी, माझा पंचा ने.

सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नकोस. पाठीच्या बाजूने पाणी आत उतरतंच. आत आधी मोठी प्लास्टिकची पिशवी घाल, मग तिच्यात कपडे. जड वस्तू पाठीला लागून, मधोमध. कमरेचा पट्टा आवळून बांध, वजन खांद्यांवरून कमरेवर येतं. गोविंदघाटला हॉटेलवाले जास्तीचं सामान ठेवून घेतात, तेव्हा परतीचे कपडे तिथेच सोड. फुलांच्या घाटीत तर मुक्काम करूच देत नाहीत, संध्याकाळच्या आत घांगरियाला परतावं लागतं. तिथे छोटी पिशवी पुरे.

पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच लागते, चेक-इनमध्ये चालत नाही. सुक्या खोबऱ्याचं उलट आहे असं समजू नकोस, ते आईला वाटतं तसं कपड्यांत गुंडाळून चेक-इनमध्ये टाकता येत नाही. तेलामुळे पेट घेण्याची भीती असते. बद्रीनाथला गेलात आणि प्रसादात सुका नारळ मिळाला, तर तिथेच फोडून सगळ्यांनी खा. रोख पैसे जवळ असू देत. बँकेतल्या मुलीला हे सांगायला नको, पण डोंगरात एटीएमच्या भरवशावर राहू नये.

सैन्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका स्वतःचा स्वेटर देऊन गेलेत. डांबराच्या गोळ्यांचा वास मारतोय, पण चांगला लोकरीचा आहे. अंगणात उन्हाची तिरीप आली की बाहेर घालतो. बाह्या तुला लांब होतील, दुमड.

यादीतलं एकेक पुन्हा बघताना लक्षात आलं, की तुझं सामान थोडंच आहे. चादरी, टॉर्चच्या जोडीला दुसरा टॉर्च, औषधांचा अख्खा डबा, हे सगळं आमच्या धास्तीचं आहे. चादरी मी आजच कपाटात परत ठेवल्या. दुसरा टॉर्चही काढला. लाडवांचा स्टीलचा डबा तेवढा राहिला आहे, त्याला नाही म्हणायचं काम तुझं. मी बोललो तर चवथीपर्यंत घरात माझ्याशी कोणी बोलणार नाही.

तुझा,
बाबा