आरटीए म्हणजे दरवेळी अपघातच असतो का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत मध्यंतरी हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या (म्हणजे हॉस्पिटलातल्या पेशंटच्या नोंदी सांभाळायच्या) कोर्सवर अर्धं पान आलं होतं, ते वाचलं, घरातल्यांना वाचून दाखवलं आणि मग दोन दिवस नुसती धुसफुसत बसले. लेखात खोटं काही नव्हतं हो. पेशंटला हात न लावता हॉस्पिटलमध्ये नोकरी, कॉम्प्युटरवर काम, नाइट ड्युटी कमी, घरून कोडिंग (आजारांना नंबर द्यायचं काम) करायचीही सोय, सगळं बरोबरच आहे. पण वाचून असं वाटतं की कीबोर्ड बडवता आला की झालं. मी चोवीस वर्षं एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटमध्ये काढलीत, त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं इंटर्नशिपला आलेली कॉलेजची मुलं माझ्याच टेबलाशी बसायची, त्यामुळे कॉलेजात काय शिकवतात नि काय शिकवत नाहीत हे मी जवळून बघितलंय.

एक किस्सा सांगते. एक मुलगी आली होती, वर्गात पहिली, टायपिंग असं की बघत राहावं. तिला पाच फायली दिल्या कोडिंगला. कोडिंग म्हणजे पेशंटच्या आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी यादीतला नंबर द्यायचा. अर्ध्या तासात पाचही करून आणल्या. तिसऱ्या फायलीवर कोड होता व्ही ८९.२, म्हणजे रस्त्यावरचा वाहन अपघात. मी फाइल चाळली, किडनी वॉर्डची होती. म्हटलं, "अगं, हिला लागलंय कुठे?" तिनं पानं उलटली, परत उलटली. एक्स-रे नाही, टाके नाहीत, जखमेचा उल्लेख नाही, नुसते पोटॅशियम आणि बायकार्बोनेटचे रिपोर्ट एकावर एक. "मॅडम, लागलेलं काही लिहिलंच नाहीये." "मग अपघात कसला झाला?" तर म्हणे डॉक्टरांनीच लिहिलंय, आरटीए!

झालं होतं असं की डॉक्टरांनी लिहिलेलं आरटीए म्हणजे रीनल ट्यूब्युलर अ‍ॅसिडोसिस, किडनीतल्या बारीक नळ्या रक्तातलं आम्ल नीट बाहेर टाकत नाहीत तो आजार, कोड एन २५.८. आणि कॅज्युअल्टीत तीच तीन अक्षरं रोड ट्रॅफिक अ‍ॅक्सिडेंट. हिनं सॉफ्टवेअरमध्ये तीन अक्षरं टाकली, त्यानं पहिलं सुचवलं ते हिनं घेतलं. बरं, व्ही-चा कोड मुख्य आजार म्हणून एकटा लागतच नाही, आधी इजेचा एस नाहीतर टी-चा कोड हवा, मग ती कशामुळे झाली ते सांगायला हा. हा नियम तिला परीक्षेत विचारला असता तर घडाघडा बोलली असती, शंकाच नाही. फाइल वाचायची मात्र तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, नुसता शब्द शोधायचा आणि नंबर लावायचा एवढीच सवय. तिचा काय दोष.

आणि ही काही एकटी नाही. पेपरवर "एच ओ टीबी" दिसलं की मुलं सरळ चालू टीबीचा कोड टाकतात. अरे एच ओ म्हणजे हिस्टरी ऑफ, पेशंटला वीस वर्षांपूर्वी टीबी होऊन बरा झालाय, आत्ता तो हर्नियासाठी आलाय! त्याला झेड ८६.१ लागतो, म्हणजे पूर्वी संसर्गजन्य रोग होऊन गेला असा, आणि जुन्या टीबीनं छातीत काही कायमचं बिघडवून ठेवलं असेल तर बी ९० मधला. एमएस म्हणजे हार्टवाल्यांकडे मायट्रल स्टेनोसिस, न्यूरोवाल्यांकडे मल्टिपल स्क्लेरोसिस, आणि औषधांच्या कागदावर मॉर्फिन सल्फेट. अ‍ॅडमिशनच्या कागदावर प्रश्नचिन्ह लावून डेंग्यू लिहिलेला असतो, पाचव्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह येते, डिस्चार्जला नुसता ताप म्हणून पेशंट घरी जातो, पण मुलांनी पहिल्याच पानावरून डेंग्यू उचललेला असतो. असे दहा पेशंट महिन्याला झाले की आरोग्य खात्याच्या आकड्यात डेंग्यूची साथ आली म्हणून समजा. सगळ्यात गंमत म्हणजे साध्या ब्लड प्रेशरचा कोड, आय १०. हातानं लिहिलेल्या यादीत हा आय आणि एकाचा आकडा सारखाच दिसतो, एका मुलानं तो एकशे दहा वाचून दिवसभर शोधला होता. आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत म्हणूनच आय आणि ओ ही अक्षरं कोडमध्ये घेतलीच नाहीत. ती आवृत्ती २०१९ ला मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण १९९० साली मंजूर झालेली दहावी अजून कित्येक ठिकाणी चालू आहे, म्हणजे आत्ता शिकणाऱ्या पोरांना दोन्ही यायला हव्यात. पाठ करून किती करणार?

म्हणून मला वाटतं अभ्यासक्रमाचा तोल चुकलाय. अ‍ॅनॉटॉमी-फिजिऑलॉजी पहिल्या सेमिस्टरला उरकून टाकतात, मेडिकल टर्मिनॉलॉजी म्हणजे शब्दांची वही. खरं तर टर्मिनॉलॉजी इतका मजेचा विषय दुसरा नाही. गॅस्ट्रोटॉमी म्हणजे जठराला चीर दिली, गॅस्ट्रोस्टॉमी म्हणजे जठराला बाहेरून तोंड करून ठेवलं, गॅस्ट्रेक्टॉमी म्हणजे जठर (सगळं किंवा थोडं) काढूनच टाकलं. शेपटी बदलली की पेशंटचं अख्खं आयुष्य बदलतं. एकदा हे डोक्यात बसलं की न पाहिलेला शब्दही फोडता येतो. पण वर्गात काय, तर शंभर शब्द पाठ करा नि रिकाम्या जागा भरा.

आणि हे काम कॉम्प्युटरबरोबर जन्माला आलं असं जे त्या लेखात वाटत होतं ना, तेही जरा खटकलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई सगळ्यांना दिव्यामुळे माहीत आहेत, पण १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांचीच योजना ठेवली गेली होती की सगळ्या हॉस्पिटलांनी एकाच नमुन्याचे फॉर्म भरावेत, कारण एका हॉस्पिटलचे आकडे दुसऱ्याशी ताडून बघायची सोयच नव्हती. मृत्यूच्या कारणांची यादी झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं १८९३ मध्ये मांडली, तीच वाढत वाढत आजची आयसीडी झाली, १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तेव्हापासून नुसते मृत्यू नाही तर आजारही त्यात मोजायला लागले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ग्रेस व्हाइटिंग मायर्स या बाई रेकॉर्ड लायब्ररियन होत्या, १९२८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रेकॉर्डवाल्यांची संघटना निघाली तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. लायब्ररियन हा शब्द मला फार आवडतो. कारण फाइल सांभाळणं हे निम्मं काम, हवी ती फाइल हव्या त्या वेळी हव्या त्याच माणसाच्या हातात देणं हे उरलेलं.

तर त्या उरलेल्याबद्दल. एकाच पेशंटच्या दोन फायली होणं हा रोजचा घोळ, नावाचं स्पेलिंग वेगळं पडलं, लग्नानंतर आडनाव बदललं, घाईत नवीन नंबर दिला, की झाली दुसरी फाइल. ती शोधून जोडता येते. पण दोन वेगळ्या माणसांची माहिती एका नंबरात शिरली तर ते निस्तरणं महाकठीण, कुठलं पान कुणाचं तेच कळत नाही, आणि एकाची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढलेली असते नाहीतर, त्याहून वाईट, ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या फायलीतून ती गायब झालेली असते. आमच्याकडे एकदा सारख्या नावाच्या दोन पेशंटांचं असंच झालं होतं, नुसत्या जन्मतारखेवर विसंबून कुणीतरी जोडून टाकलं, आम्ही तिघी दीड दिवस रक्तगट, सह्या आणि जुन्या ऑपरेशनच्या नोंदी जुळवत बसलो होतो. हे कॉलेजात धड्याच्या एका परिच्छेदात असतं. याचं प्रॅक्टिकल घ्या ना, पन्नास खोट्या नावांची यादी द्या आणि सांगा काढा यातले डुप्लिकेट, आणि जोडायच्या आधी काय काय ताडून बघाल तेही लिहा.

आकडेवारीचंही तेच. बेड ऑक्युपन्सीचं, म्हणजे किती टक्के खाटा भरलेल्या त्याचं, सूत्र सगळ्यांना येतं, शंभर बेड, तीस दिवस, म्हणजे तीन हजार बेड-दिवस, त्यात पेशंट-दिवस चोवीसशे भरले तर ८० टक्के. बटण दाबलं की कॉम्प्युटरही सांगतो. पण एका महिन्यात वॉर्डचा आकडा १०४ टक्के आला तेव्हा इंटर्नला विचारलं हे कसं काय गं, तर गोंधळली, म्हणाली सॉफ्टवेअरची चूक असेल. असेलही. पण आधी बघायचं की गर्दीत जादा खाटा टाकल्या होत्या का ज्या मंजूर बेडमध्ये धरलेल्या नाहीत, किंवा त्या वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवलेला पेशंट रात्री बाराच्या मोजणीत दोन्हीकडे धरला का. यासाठी वॉर्डात जाऊन सिस्टरला विचारावं लागतं. खुर्चीत बसून कळत नाही.

विचारण्यावरून आठवलं. डॉक्टरांशी बोलायचं कसं हे तर कुणी म्हणजे कुणी शिकवत नाही. फायलीत काही अर्धवट असलं की डॉक्टरांना लेखी क्वेरी पाठवायची असते, आणि तिचा एक दंडक आहे, उत्तर तोंडात द्यायचं नाही. "हे सेप्सिसच आहे ना सर, लिहा ना" (सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गानं अंगभर उठलेला जिवावरचा बिघाड) असं नाही चालत, कारण कोड बदलला की बिलही बदलू शकतं, आणि मग ते आपण डॉक्टरकडून लिहवून घेतल्यासारखं होतं. ताप अमुक, पेशी अमुक, कल्चरचा (जंतू वाढवून बघायच्या टेस्टचा) रिपोर्ट असा, अँटिबायोटिक चालू केलंय, यामागचं निदान कृपया नोंदवावं, एवढंच लिहायचं. मुलं एकतर घाबरून क्वेरी पाठवतच नाहीत, किंवा पाठवतात ती अशी की डॉक्टर खवळतात. मी स्वतः पहिल्या वर्षी एका सर्जनची अशी बोलणी खाल्लीत की अजून आठवलं तरी कान गरम होतात (चूक माझीच होती, मी डाव्या-उजव्याचा गोंधळ विचारताना स्वतःच गोंधळ घातला होता).

प्रायव्हसीवर मात्र कॉलेजं बरंच शिकवतात, पण सगळं कायद्याच्या भाषेत. प्रत्यक्षात मोह किती साधा असतो बघा, शेजारच्या काकू अ‍ॅडमिट झाल्या, आपल्याकडे लॉगिन आहे, काळजीपोटीच बघतोय, काय होतंय? होतं हे की कामाशिवाय फाइल उघडणं हाच नियमभंग, कुणाला सांगितलं नाही तरी, आणि कुणी कधी कुठली फाइल उघडली त्याची नोंद सिस्टिम ठेवते. एका इंटर्न मुलानं डॉक्टरांचं अक्षर कळेना म्हणून कागदाचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता, हेतू चांगला, वर पेशंटचं नाव ठळक. त्याची इंटर्नशिप तिथेच संपली. वाईट वाटलं पण पर्याय नव्हता.

आता सगळे म्हणतात एआय आलं, कोडिंग मशीन करेल. करू दे की. सोपं सोपं मशीनच करायला लागलंय. पण मशीननं सुचवलेल्या आरटीएला "थांब, ही किडनीची फाइल आहे" असं म्हणणारं माणूस लागणारच, आणि ते माणूस तयार व्हायला शेकडो फायली मनापासून वाचाव्या लागतात. नुसता टायपिस्ट हवा असेल तर त्याची गरज खरंच संपत आलीये, हे मुलांना आत्ताच सांगायला हवं, नाहीतर तीन वर्षांनी रडतील.

कोर्सला जाणाऱ्यांनी, त्यांच्या आईबाबांनी कॉलेजात जाऊन एवढंच विचारा की एमआरडीत प्रत्यक्ष किती तास बसवता, नावं झाकलेल्या खऱ्या फायली वाचायला देता का, आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणी स्वतः एमआरडीत काम केलंय का. लॅब एसी आहे का ते नंतर विचारा. सर्टिफिकेटला बाहेर मान्यता आहे का हे तर विचारालच. आणि "इंटर्नशिप आहे" एवढ्यावर खूश होऊ नका, आमच्याकडे काही मुलं आली ती महिनाभर नुसती फायली स्कॅन करून गेली, कारण आम्हालाही शिकवायला वेळ नव्हता, हे मी कबूल करते. तेव्हा मीही हो हो म्हणत सह्या केल्यात त्यांच्या डायरीवर.

ती किडनीवाली मुलगी, तिला मी नंतर रोज एक फाइल फक्त वाचायला द्यायचे, कोड टाकायचा नाही, पेशंटची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडी सांगायची. पहिल्या आठवड्यात वैतागली. तिसऱ्या आठवड्यात तिनंच एका डिस्चार्ज कार्डात पाय डावा आणि ऑपरेशन नोटमध्ये उजवा आहे हे पकडून आणलं, मी सही करणारच होते त्यावर.

तर संपादक साहेब, पुढच्या पुरवणीत या कोर्सेसची यादी छापाल तेव्हा फी आणि कालावधीच्या शेजारी प्रत्यक्ष कामाचे तास किती, असा एक कॉलम टाका. ज्यांनी आकडा दिला नाही त्यांची जागा कोरीच ठेवा.

आपली,
एक रिटायर्ड रेकॉर्डवाली