गणपतीत घरी फॉस्टर कुत्रा (कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळायला आणलेला) असणाऱ्या सर्व सदस्यांसाठी

दर्शनाला माणसांची ये-जा सुरू झाली की दार दिवसभर उघडं राहतं. रस्त्यावरून नुकताच घरी आलेला कुत्रा ढोल-ताशाच्या आवाजाने बिथरला तर त्याच दारातून पळतो, आणि मिरवणुकीच्या गर्दीत तो सापडणं फार कठीण. म्हणून आतली खोली त्याच्यासाठी राखून ठेवा. खिडक्या बंद, पंखा चालू, पाणी आणि त्याची रोजची चादर जवळ. तो पलंगाखाली शिरला तर ओढून बाहेर काढू नका, तिथेच त्याला बरं वाटतं. पाहुण्यांच्या मुलांना "हात लाव, काही करत नाही" असं कृपया कोणीही सांगू नये. चुकून चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

प्रसादाकडे विशेष लक्ष द्या. पंचखाद्यातले बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. थोडे खाल्ले तरी त्रास दिसायची वाट न पाहता व्हेटला फोन करा.

फिरवायला पहाटे न्या. पट्ट्यासोबत हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला, गळ्यात तुमचा फोन नंबर हवाच. साचलेल्या पाण्यात पाय घालू देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो.

कोकणात जाणाऱ्यांनी तारखा ग्रुपवर आजच कळवाव्यात. बदली घर शोधून, कुत्र्याची तिथे आधी एकदा तरी भेट घडवायची आहे.