रविवारी बोटींची वायरिंग तपासणी: सर्व बोटधारकांसाठी सूचना

सभासद मित्रांनो,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता गंगापूर धरणाच्या काठावर, आपण नेहमी बोटी उतरवतो तिथे, आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवलेल्या) इंजिनांची वायरिंग तपासायची आहे. ज्यांच्या इंजिनाला सेल्फ-स्टार्ट आहे त्या सर्वांनी यावे. गेल्या महिन्यात माझे इंजिन भर पाण्यात बंद पडले. वारा सुटलेला, मुलगी सोबत. कारण निघाले बॅटरीचे गंजलेले निगेटिव्ह टर्मिनल! म्हणून ही कळकळ.

घरून निघण्यापूर्वी एवढे पाहा:

- बॅटरी रात्रभर चार्ज करा, मग काही तास तशीच ठेवून मल्टिमीटर लावा. सुमारे १२.६ व्होल्ट हवेत. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी उतरलेली आहे.
- टर्मिनल घासून चकचकीत करा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ते शेवटी.
- स्टार्टर नुसता 'टक' करत असेल तर लगेच नवा घेऊ नका. सेल मारताना व्होल्टेज १० च्या खाली गेले, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा जोडणीत असतो.
- काहीच हालचाल नसेल तर फ्यूज उडाला आहे का आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते बघा. सेल फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा किल-स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या स्विचची) दोरी तपासा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कोणीही काढायची नाही, रेक्टिफायर (इंजिनाच्या एसी करंटचा बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) जळू शकतो. पेट्रोलचा वास आला तर कोणतेही बटण दाबू नका.

मल्टिमीटर, सँडपेपर, जादा फ्यूज आणि लाइफ जॅकेट आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.