आप्पा, ट्रकचं खरं काय झालं ते

लेस्टर, डिसेंबर

तीर्थरूप आप्पा आणि आई, शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरा आहे, नोकरी शाबूत आहे, जेवण वेळेवर आहे. काल फोनवर आई तू रडायला लागलीस म्हणून मला काही धड बोलताच आलं नाही, आणि आप्पा तुम्ही नुसतं हं हं करत होता, तुमच्या हं हं चा अर्थ मला इथं बसूनसुद्धा कळतो. म्हणून आज सुट्टी आहे तर सगळं सविस्तर टाइप करून पाठवतोय. छोटीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा आणि पूर्ण होईपर्यंत मधे कुणी बोलू नका.

शेजारच्या काकूंच्या भाच्यानं तुम्हाला सांगितलं की मी कंपनीच्या डिझेल ट्रकमधे पेट्रोल भरलं, इंजिन जाम झालं आणि सगळे पैसे माझ्या पगारातनं कापणार. तो पोरगा इथंच राहतो, स्वभावानं चांगला आहे, पण त्या दिवशी तो तिथं नव्हता, कुणाकडनं तरी ऐकलं आणि पुढं सांगून टाकलं. ट्रकमधे पेट्रोल पडलं हे खरं आहे. मी भरलेलं नाही. मी ट्रक चालवतच नाही आई, माझ्याकडं इथलं लायसनच नाही, आपल्याकडचं लायसन इथं राहायला आल्यापासून एकच वर्ष चालतं आणि ते वर्ष कधीच होऊन गेलं. माझं काम डिस्पॅचचं, म्हणजे माल मोजून चढवायचा, कागद करायचे, आणि मोठी डिलिव्हरी असली की ड्रायव्हरसोबत जायचं. मामा विचारत होते म्हणे, एमएस्सी करून पोरगं ट्रकमधे कशाला बसतंय. मामांना सांगा, लॉजिस्टिक्स शिकलोय तर जिथं माल तिथंच माझं काम असणार, यात कमीपणा वाटायसारखं काही नाही, आणि आप्पांनी जन्मभर ट्रकच चालवला त्यावरच आपण तिघं शिकलो.

आता इथल्या पंपाचं सांगतो, ते कळल्याशिवाय पुढचं पटायचं नाही. आपल्याकडं होटगी रोडच्या पंपावर गेलं की पोरगा पळत येतो, पेट्रोल का डिझेल विचारतो, कितीचं विचारतो, झीरो बघा म्हणतो आणि भरतो. आपण गाडीतनं उतरतसुद्धा नाही. इथं पंपावर माणूसच नसतो. म्हणजे असतो, पण आत दुकानात, काचेच्या मागं, आणि ते दुकान म्हणजे दूध, ब्रेड, फुलं, चहा सगळं विकणारं. बाहेर गाडी लावायची, आपणच उतरायचं, आपणच पाइप काढायचा, आपणच टाकीत घालायचा. खटका दाबून धरायला लागतो, सोडला की बंद, आणि या थंडीत ते लोखंड हाताला चावतं. डिझेलचा वास हाताला लागू नये म्हणून शेजारी प्लास्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात, ते फुकट. भरून झालं की पाइप जागेवर ठेवायचा, आपला पंप कितवा तो नंबर लक्षात ठेवायचा, आत जायचं, रांगेत उभं राहायचं आणि बाईला सांगायचं पंप नंबर चार, की ती पैसे सांगते. काही ठिकाणी बाहेरच कार्ड लावून पैसे देता येतात, पण बऱ्याच ठिकाणी असंच, आधी भरायचं आणि मग द्यायचे. आई तू विचारशील, मग लोक पळून जात नाहीत का. काही जात असतील, पण कॅमेरे गाडीचा नंबर टिपतात. आणि खरोखर एखाद्याचं पाकीट घरी राहिलं तर फॉर्म भरून घेतात आणि नंतर पैसे आणून द्या म्हणतात. मला पहिल्यांदा हे बघून कसंतरीच झालं होतं, अजूनही पैसे देऊन बाहेर येताना पावती मी हातातच धरून चालतो.

तर सगळं आपल्या हातात असल्यामुळं कुठला पाइप उचलायचा हेही आपल्यालाच बघायला लागतं. इथं पेट्रोलचा पाइप हिरवा आणि डिझेलचा काळा. त्यावर चिठ्ठ्याही असतात, पेट्रोलवर गोलात ई१० लिहिलेलं म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, डिझेलवर चौकोनात बी७ म्हणजे ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल. आमचा ड्रायव्हर गुलबर्ग्याचा पोरगा, कानडी बोलतो, आपलं सोलापुरी मराठी सगळं कळतं, आल्यापासून माझ्या खोलीतच राहतो. तो याआधी दोन वर्षं अमेरिकेत होता, आणि तिकडं बऱ्याच पंपांवर डिझेलचाच पाइप हिरवा असतो. पहाटे तीनला उठून माल चढवलेला, बाहेर अंधार, पाऊस, त्याचा हात सवयीनं हिरव्यावर गेला. पेट्रोलच्या पाइपाचं तोंड बारीक असतं, डिझेलच्या टाकीत ते आरामात जातं. उलटं सहसा होत नाही, डिझेलचं जाडं तोंड पेट्रोलच्या गाडीत शिरतच नाही. त्याला कुठं अडलंच नाही आणि साधारण तीस लिटर जाऊन पडलं.

मी आत कागद बघत बसलो होतो. खिडकी थोडी उघडी होती आणि वास आला. आप्पा, डिझेलचा वास मी आपल्या ट्रकच्या केबिनमधे झोपून झोपून लहानाचा मोठा झालोय, तो वास वेगळा आणि हा वेगळा, हा नाकात चढणारा. मी खाली उतरलो तर याच्या हातात हिरवा पाइप. मी ओरडलो, थांबवला, आणि सगळ्यात आधी किल्ली काढून माझ्या खिशात टाकली. ट्रक चालू केलाच नाही. एवढंच महत्त्वाचं होतं आणि एवढं वेळेत झालं.

तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, वरनं डिझेल टाकून टाकी फुल्ल करायची आणि हाणायचा. तुमच्या काळातल्या गाड्यांना ते थोडंफार चालून जायचं, साधा पंप, साधे नोझल, चार धक्के खाऊन गाडी निघायची, मी तुमचं खोटं म्हणत नाही. पण हे आताचं कॉमन रेल इंजिन वेगळं आहे, यात रेल म्हणजे एकच जाड नळी, तिच्यातनं डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं. डिझेल नुसतं जळत नाही, ते पंपाला तेलाचं कामही करतं. ट्रकच्या टायरात सात-आठ बार हवा असते ना, या रेलमधे डिझेलचा दाब सोळाशे बारच्याही वर जातो, त्या दाबाला पंपाच्या आतलं लोखंड एकमेकाला घासू नये म्हणून डिझेलचा थरच आडवा असतो. पेट्रोल तो थर धुऊन टाकतं. मग पंप कोरडा घासतो, बारीक चुरा निघतो, चुरा रेलमधनं इंजेक्टरमधे जातो, आणि मग नुसता पंप बदलून भागत नाही, इंजेक्टर, पाइप, रेल सगळं उतरवायला लागतं. त्यात डिझेल दाबानं पेटतं आणि पेट्रोल दाबाला पेटू नये असंच बनवलेलं असतं, त्यामुळं इंजिन ठोके मारतं ते वेगळंच. आणि किल्ली नुसती अर्धी फिरवली तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप चालू होतो आणि ते पेट्रोल पुढं ढकलतो. म्हणून किल्लीला हातच लावायचा नाही, न्यूट्रल करायचं आणि ढकलायचं.

ढकलायला तिथले दोन अनोळखी लोक आले, दुकानातली बाई रस्त्यावर लावतात ते प्लास्टिकचे कोन घेऊन आली आणि गाडीभोवती लावून गेली. मग टाकी रिकामी करणारा माणूस बोलवला, इथं त्यांची स्वतंत्र व्हॅन असते, तो जागेवर येऊन सगळं उपसून घेतो, लाइन धुतो, फिल्टर बदलतो आणि थोडं चांगलं डिझेल घालून चालू करून देतो. उपसलेलं तो स्वतः घेऊन जातो, गटारात ओतलं तर मोठा दंड आहे. बेलग्रेव्ह रोडच्या दुकानांची मेथी, कारली दुसऱ्या गाडीनं गेली. दुपारी आमचा ट्रक एका सेल्फला चालू झाला, धूर नाही, आवाज नाही, आजपर्यंत नीट पळायलाय.

आता पैशाचं. माझ्या पगारातनं एक रुपया कापलेला नाही. इथं मालकाला मनात आलं म्हणून पगार कापता येत नाही, करारात तसं लिहिलेलं पाहिजे नाहीतर आधी लेखी संमती पाहिजे, १९९६ चा कायदा आहे तसा. पण ड्रायव्हर लोकांच्या करारात गाडीच्या नुकसानीचं कलम आहे आणि त्या पोरानं सही केलेली आहे. टाकी उपसायचा खर्च अडीचशे पौंड झाला, तो त्याच्यावर आला. आणि त्याच आठवड्यात त्याला गावी वडिलांच्या ऑपरेशनला पैसे पाठवायचे होते. आप्पा, तो रात्रभर खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला होता, जेवला नाही. म्हणून निम्मे मी दिले. त्यानं मागितले नव्हते. देईन म्हणालाय हप्त्यानं आणि देईल, माणूस तसला नाही.

त्यामुळं या महिन्यात मी पंधरा हजार कमी पाठवतोय. बँकेचा हप्ता पूर्ण जाईल, त्याची चिंता करू नका, तो मी आधीच बाजूला काढलाय. कमी पडतील ते हॉलच्या ॲडव्हान्समधले. मला माहितीय की छोटीच्या लग्नासाठीचे पैसे आहेत ते, आणि माझ्या फीसाठी आपला ट्रक विकला तेव्हा तुम्ही मला एक शब्द बोलला नव्हता, ते मी विसरलेलो नाही. पण ट्रकवरचा माणूस वाटेत अडकला की बाकीचे थांबतात हे मी तुमच्याकडंच बघितलंय, मोडनिंबच्या पुढं तुमचा ॲक्सल गेला होता तेव्हा कोण कुठला ड्रायव्हर रात्रभर थांबला होता, तुम्हीच सांगता. जानेवारीत मी जास्तीच्या शिफ्ट घेतल्यात, ते पंधरा भरून काढतो. आई, जास्तीच्या शिफ्ट म्हणजे झोप नाही असं लगेच धरू नकोस, मी झोपतो. आणि समजा नोकरी गेलीच असती तरी माझा व्हिसा कंपनीवर नाही, शिकून झाल्यावर मला मिळालाय तो दोन वर्षांचा आहे, दुसरी नोकरी शोधता येते. हे काकूंनाही सांग.

दादा ती सेकंडहँड पिकअप घ्यायलाय तर त्याला हे नीट वाचून दाखवा. बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची गाडी असेल तर आधी विचार म्हणावं, हिला धूर साफ करायला युरिया लागतो का. लागत असेल तर त्याचं झाकण बहुतेक निळं असतं आणि ते डिझेलच्या जवळच असतं. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं, ते डिझेलच्या टाकीत पडलं तर पेट्रोलपेक्षा वाईट, खडे धरतात आणि पंपाला गंज चढतो. आणि पंपावर पोरगा भरत असला तरी खाली उतरून बघायचं, झीरोही बघायचा आणि पाइपही बघायचा. चुकीचं पडलंच तर लाजायचं नाही, कुणी कितीही हॉर्न मारू दे, किल्ली फिरवायची नाही. ओळखीचा मेकॅनिक तिथंच बोलवायचा. चांगली पिकअप मिळाली तर कर्जाचं आपण दोघं बघू, मी आहे.

बार्शीचं स्थळ मला पसंत आहे. मुलाशी मी व्हिडिओवर बोललो, शांत आहे, छोटीच्या बीएडबद्दल त्यानं स्वतः विचारलं ते मला आवडलं. सुपारी संक्रांतीनंतर धरली आहे तर तीच ठेवा, माझ्यासाठी पुढं ढकलू नका. मला सुट्टी मिळत नाही आणि त्या दिवसांचं तिकीट परवडायचं नाही. छोटी म्हणते चालेल रे, पण ती चालेल म्हणताना गप्प झाली होती. लग्नाला मी येणार, मे महिन्यातली सुट्टी मी आत्ताच लिहून दिलीय. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, आपल्या गड्ड्याला यंदाही नाही, १४ तारखेचा अक्षता सोहळा मोबाईलवर बघेन, आप्पा तुम्ही संमती कट्ट्याजवळ उभे राहाल तेव्हा दादाला फोन लावून धरायला सांगा, सत्यम सत्यम ऐकू आलं तरी पुरे. गर्दीत फार पुढं जाऊ नका, बीपीची गोळी खाऊनच निघा.

आई, पंढरपूरच्या मुलीचा फोटो बघितला. मुलगी चांगली आहे. पण घरावरचं कर्ज निम्मं होईपर्यंत माझं काही ठरवू नकोस, लोकांना हो म्हणून ठेवू नकोस, त्यांची मुलगी अडकून राहते. छोटीचं होऊ दे.

हॉलवाल्याला सोमवारी फोन करून सांगा की निम्मा ॲडव्हान्स आत्ता आणि बाकी जानेवारीच्या शेवटी, तो ऐकत नसेल तर मला नंबर पाठवा, मी बोलतो. पैसे बुधवारपर्यंत दादाच्या खात्यात येतील.

तुमचा मधला

ता.क. काकूंना किंवा त्यांच्या भाच्याला काही बोलू नकोस आई. परवा तोच माझ्यासाठी डॉक्टरकडं रांगेत थांबला होता. काही नाही, साधा खोकला होता, गेला.