माळवद पाडू नका, हलकं करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर संपत आला की तुमच्या पानांवर किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी येतात. येतात ते बरंच आहे. पण त्या वाचून आमच्या भागातला माणूस दरवर्षी एकच अर्थ घेतो, की मातीचं घर म्हणजे मरण. त्या अर्थापायी गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या एका आळीतली सात माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली घरं, पाडली गेली. आठवं माझं. ते मी दुरुस्त केलं आणि त्यातच राहते. त्याबद्दल लिहायचं मनात होतं, म्हणून हे पत्र.

आमचं गाव निलंगा तालुक्यात आहे, किल्लारीपासून साधारण तीस किलोमीटरवर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला थोडा वेळ कमी असताना, भानवशीवरचे डबे खाली आले आणि मागून आवाज आला. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. आम्ही लेकरं उचलून अंगणात पळालो. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या बाजूला फुगली, एक कोपरा सुटला, पण छत खाली आलं नाही. माझी मावशी सास्तूरला दिलेली होती. ती, तिची सून आणि दोन नातवंडं सकाळी काढली ती ढिगाऱ्यातूनच. म्हणून माळवदाला भिणाऱ्या माणसाला मी नावं ठेवत नाही. मी स्वतः चार वर्षं पावसाळाभर पडवीत झोपत होते.

पण मावशीच्या घरात आणि आमच्या घरात फरक काय होता, हे समजायला मला पुढची तीस वर्षं लागली.

2021 साली अंगणवाडीतून निवृत्त झाले. मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं, पाडून तीन खोल्या स्लॅबच्या बांधू. ठेकेदाराने अकरा लाख सांगितले. त्याच आठवड्यात जुन्या लाकडाचा एक व्यापारी दारात आला आणि खांब, तुळया, दारं, चौकटी मिळून चाळीस हजार देतो म्हणाला. आजेसासऱ्यांच्या काळातले सागवानी खांब, एकालाही वाळवी नाही. त्या माणसाच्या डोळ्यांत जे दिसलं त्यावरून मला कळलं की आपल्याकडे मोलाची वस्तू आहे. मी नाही म्हणाले.

नात्यातला एक मुलगा लातूरला इंजिनिअरिंग शिकवतो. त्याला बोलावलं. तो शिडी लावून माळवदावर चढला, पहारीने एक भोक पाडलं आणि काठी घालून मापली. माती दोन फूट भरली. त्याने मला अंगणात बसवून हिशेब सांगितला. पंधरा बाय बाराची खोली, दोन फूट माती, म्हणजे सोळा टनांच्या आसपास वजन. एका खोलीवर सोळा टन! घर बांधलं तेव्हा ही माती एक वीतभर असणार. पुढे दरवर्षी मृगाच्या आधी गळती थांबवायला नवी पांढरी माती टाकायची, ही आमच्याकडची रीतच आहे. जुनी कुणी काढत नाही. सासूबाईंनी टाकली, मी टाकली. माती चढत गेली आणि भिंती मात्र तेवढ्याच राहिल्या.

दुसरं त्याने भिंतीचं दाखवलं. आमच्या भिंती पावणेदोन-दोन हात जाड, दगड काळा. जाड आहे म्हणजे भक्कम आहे असं आपण धरून चालतो. पण ती एक भिंत नसते. आतल्या बाजूला दगडाचा एक थर, बाहेरच्या बाजूला दुसरा, आणि मधे माती नि कपच्यांची भर. या दोन थरांना धरून ठेवणारा आरपार जाणारा लांब दगड जागोजागी असला तरच ती एक राहते. तो नसला तर हादऱ्यात दोन्ही थर एकमेकांना सोडतात, भिंतीला पोट येतं आणि ती कोसळते. आमच्या घरात छताचा भार बराचसा लाकडी खांबांवर होता, म्हणून भिंत फुगूनही छत टिकलं. मावशीच्या घरात तुळया सरळ भिंतीवर टेकवलेल्या होत्या. भिंत गेली तसं सगळं गेलं.

हे ऐकल्यावर मी घरात जाऊन रडले, हे इथे लिहिते. कारण हे आधी कुणी सांगितलं असतं तर एवढ्या घरांतलं वझं काढता आलं असतं.

काम तीन उन्हाळ्यांत केलं, 2022, 2023 आणि 2024. एकदम करायला पैसा नव्हता. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम, तीन शेळ्या विकून आलेले पैसे आणि मुलाने पाठवलेले, एवढ्यात बसवायचं होतं.

पहिल्या वर्षी फक्त माती उतरवली. एकेका खोलीतून तीन-तीन ट्रॉल्या निघाल्या. ती माती फेकली नाही, चाळून ठेवली, कारण चांगली पांढरी माती आता मिळत नाही. शेतातली काळी माती माळवदाला चालत नाही, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पांढरी जुन्या गावठाणातून यायची, तिथे आता गाळे झाले आहेत. माती काढल्यावर वरच्या फळ्या उघड्या पडल्या. दोन कड्या, म्हणजे फळ्यांखालची आडवी लाकडं, किडलेल्या निघाल्या, त्या बांधावरच्या बाभळीच्या घालून घेतल्या. मग तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), कडुनिंबाचा पाला, मातीचा पातळ थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि सगळ्यात वर मीठ मिसळलेली पांढरी माती. सगळी मिळून एक वीत, त्याच्या वर नाही. उतार नीट काढला आणि पन्हळी बदलल्या.

दुसऱ्या वर्षी भिंती. लांब दगड आता कुठून आणायचे? त्यावर लातूरच्या त्या नात्यातल्या मुलाने उपाय सांगितला. भिंतीतले एकेक दगड पहारीने हलवून अलगद काढायचे, घणाचा ठोका एकही मारायचा नाही, आणि आरपार भोक करायचं. भोक दोन्ही तोंडांना रुंद, मधे अरुंद, डमरूसारखं. त्यात दोन्हीकडे आकडा वळवलेली लोखंडी सळी ठेवून काँक्रीट भरायचं. दर तीन-साडेतीन फुटांवर असं एक. छताखालून भिंतीभोवती जाळीचा पट्टा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे लाकडी टेकू. गवंडीमामा सत्तरीचे. त्यांना हे नवीन होतं. पहिलं भोक करताना त्यांचा हात थरथरत होता. चौथ्या दिवशी ते स्वतः माझ्या जावेच्या भिंतीवर हात फिरवून सांगू लागले, "हितं न्हाई दगड, हितं पायजे."

म्हणजे मी सिमेंटच्या विरुद्ध नाही. पण त्याची जागा असते. 2008 मध्ये आम्ही माजघराच्या बाहेरच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता, घर पक्कं दिसावं म्हणून. आत ओल कोंडली. तिसऱ्या पावसाळ्यात भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तो सुटला, आणि सोबत भिंतीची माती घेऊन आला. आता तिथे माती, शेण आणि गव्हाच्या भुश्याचा गिलावा आहे, वर चुना. माती चार दिवस भिजत घातली, रोज तुडवली. आळीतल्या पोरांना तुडवायला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत बाहेर यायला तयार नव्हती.

स्वयंपाकघर शेवटी घेतलं. जुनं साणं, म्हणजे छतातलं उजेडाचं नि धुराचं भोक, पत्रा ठोकून बंद केलेलं होतं, ते उघडलं आणि त्यावर काच बसवली, बाजूने धूर जायला फट ठेवली. गॅस आहे. पण भाकरी मी चुलीवरच करते, कारण तुराट्या घरच्या आहेत आणि मालदांडी ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर जशी फुगते तशी गॅसवर फुगत नाही. या तीन उन्हाळ्यांत मजुरीचा काही भाग जेवणाने भागला, हे आजच्या हिशेबात कुणी धरत नाही. रोज सहा माणसं. भाकरी, येसर आमटी, शेंगाची चटणी, कांदा, आणि असेल ती भाजी, अंबाडी नाही तर शेवगा. शिळ्या भाकरीचे सकाळी फोडणी देऊन कुटके. विकत आणलं ते तेल, गूळ, मीठ आणि चहा-साखर. गवंडीमामा म्हणायचे की बाहेरच्या कामावर वडापाव खाऊन दुपारी अंग उचलत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कोपीत बसून सगळ्यांनी भज्जी, उंडे आणि आंबील खाल्ली, तेव्हा त्यांची कामावरची सगळी पोरं आली होती.

तिन्ही वर्षांचा मिळून खर्च दोन लाख चौदा हजार. वही माझ्याकडे आहे, कुणालाही दाखवीन.

आता ज्यासाठी लिहिते ते. 2016 पासूनच्या घरकुल योजनेत आमच्यासारख्या सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, घर निदान 25 चौरस मीटरचं. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही त्याला ते मिळालंच पाहिजे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पैसा नव्या पक्क्या घरासाठी आहे, म्हणून लोक चांगली लाकडं असलेलं घर पाडून जागा मोकळी करतात. माझ्या शेजारणीने तेच केलं. तेवढ्या पैशात स्लॅब पुरला नाही, पत्रे घातले. आता ज्वारीची पोती ठेवायला बळद नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तिची नातवंडं माझ्या माजघरात येऊन झोपतात. शिवाय पाणी. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण इतक्या लवकर विसरलो का? नव्या स्लॅबवर दोन-तीन आठवडे पाणी साठवून ठेवावं लागतं. माझ्या गिलाव्याची माती भिजवायला आठ घागरी लागल्या.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं, तेव्हा आजूबाजूच्या जिल्ह्यांतली घरं अशीच मजबूत करण्याचंही काम झालं होतं. म्हणजे ही विद्या सरकारदरबारी आहे. मग ती आमच्या गावच्या गवंड्यापर्यंत यायला मला नात्यातला मुलगा का शोधावा लागला? माझी मागणी एवढी आहे. कोणतंही माळवद पाडायच्या आधी जाणत्या माणसाने ते एकदा पाहावं आणि घरधन्याला सांगावं की वरची माती किती आहे, भिंतीत आरपार दगड आहेत की नाहीत, लाकूड धड आहे की नाही. खरोखर धोक्याचं असेल तर पाडायलाच हवं. तगणारं असेल तर घरकुलाच्या निम्मी रक्कम तरी दुरुस्तीला द्या. आणि प्रत्येक तालुक्यात दहा गवंडी शिकवा. आमचे मामा शिकवायला तयार आहेत. त्यांच्या हातात अजून दोन-चार वर्षांचं काम आहे, त्यापुढे डोळे साथ देणार नाहीत असं तेच सांगतात.

ज्यांची माळवदं अजून उभी आहेत आणि ज्यांना पैशाअभावी काहीच जमत नाही, त्यांनी या उन्हाळ्यात निदान वरची माती उतरवून घ्यावी. त्याला इंजिनिअर लागत नाही, टोपली आणि खोरं लागतं. उतरवताना मात्र एका कोपऱ्यात ढीग करू नका, सगळीकडून सारखी काढा, आणि खाली कुणाला थांबू देऊ नका.

मागच्या भिंतीचा एक हातभर तुकडा मी मुद्दाम गिलाव्याविना ठेवला आहे. त्यात सळीचं टोक आणि डमरूचं तोंड दिसतं. ज्याला पाहायचं असेल त्याने यावं. आदल्या दिवशी निरोप दिला तर दोन भाकरी जास्त टाकीन.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, वय 68
ता. निलंगा, जि. लातूर