सोलर बंब मोडीत काढण्यापूर्वी तपासणी हवी

महोदय,

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील जुन्या गृहनिर्माण संस्थांमध्ये गच्चीवरचे सोलर बंब काढून टाकण्याचा विषय सध्या वारंवार निघतो. सकाळी पाणी कोमट येते, खालच्या मजल्यांवर ते पोहोचेपर्यंत दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावे लागते, अशा तक्रारी असतात आणि त्या खऱ्याही असतात. त्यातच फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत संस्थांच्या सामाईक सुविधांसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये अनुदान मिळत असल्याने, बंबांच्या जागी वीजनिर्मितीचे पॅनेल बसवावेत आणि गरम पाण्यासाठी प्रत्येकाने घरात गिझर लावावा, असा ठराव पुढे येतो. हा ठराव पुरेसा हिशोब न करता मांडला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे चार युनिट ऊर्जा लागते. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी साधारण तेवढीच वीज देते, पण त्यासाठी गच्चीची आठ-दहा चौरस मीटर जागा अडते. काचेच्या नळ्यांचा बंब हेच काम दोन-तीन चौरस मीटरमध्ये करतो, कारण तो उन्हाचे थेट उष्णतेत रूपांतर करतो. शिवाय सामाईक पॅनेलमुळे लिफ्टचे आणि पाण्याच्या पंपाचे बिल उतरेल, गिझरचे बिल मात्र ज्याच्या त्याच्या मीटरवर पडेल. रोज चार युनिट म्हणजे महिन्याला १२० युनिट. महावितरणच्या शंभर युनिटांच्या आतल्या स्वस्त टप्प्यात बसणाऱ्या कुटुंबाला, बहुधा निवृत्त दांपत्याला, त्याचा फटका सर्वांत जास्त बसेल.

मुळात बंब बिघडला म्हणजे नेमके काय बिघडले, हे फारसे कोणी पाहत नाही. नळीच्या बंद टोकाची चंदेरी चकाकी जाऊन तिथे पांढुरका थर दिसत असेल, तर आतली निर्वात पोकळी संपलेली असते आणि ती नळी उष्णता धरत नाही. अशा मोजक्या नळ्या बदलता येतात. बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत क्षारांचा थर साचतो, तो वेळोवेळी काढावा लागतो. गरम पाण्याच्या पाइपांवरचे आवरण उन्हाने भुगा होऊन गळून पडलेले असते, आणि रात्रभर पाइपातच निवलेल्या पाण्याचा दोष मग बंबाच्या माथी येतो. ही सारी कामे नवी यंत्रणा बसवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत.

टाकीच आतून गंजून गळू लागली असेल, तर मात्र डागडुजीवर पैसे घालू नयेत. तेव्हा हीट पंपाचा विचार जरूर व्हावा, कारण तो हवेतील उष्णता ओढून घेत असल्याने एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता देतो आणि पावसाळ्यातही चालतो. त्याला मोकळी हवा खेळती राहील अशी जागा आणि देखभालीचा करार तेवढा लागतो. स्वस्त पडतो म्हणून बंदिस्त न्हाणीघरात गॅस गिझर लावण्याचा पर्याय कोणीही सुचवू नये. त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली आहेत.

पुणे महापालिका सौरऊर्जेच्या वापरासाठी मिळकतकरात सवलत देते. ती देताना बंब गच्चीवर आहे एवढेच न पाहता तो चालतो का, हेही पाहिले जावे. तसेच राज्य सरकारच्या 'महाऊर्जा' या अपारंपरिक ऊर्जेसाठीच्या संस्थेने माफक शुल्कात जुन्या यंत्रणांची तपासणी करून नळ्या, टाकी आणि पाइप यांच्या स्थितीचा लेखी अहवाल संस्थांना द्यावा, म्हणजे सर्वसाधारण सभेपुढे केवळ विक्रेत्यांची कोटेशने राहणार नाहीत.

– एका गृहनिर्माण संस्थेचा सभासद, पुणे