वहीतली सतरावी ओळ

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या कॉन्सर्टचा व्हिडिओ तीनदा पाहिला. गिटार फाटल्यासारखी येतेय, पण मधे तुझा आवाज स्पष्ट आहे, आणि तुला सगळं गाणं पाठ आहे. फार बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, पप्पा, तुमची सगळ्यात आवडती ओळ कुठली? तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. आता निवांत लिहितो.

तू ज्यांना मागवाले काका म्हणतेस ते आणि मी, कॉलेजात असताना, १९९४ साली, सोलापूरच्या नवी पेठेतून पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या रॉक बँडची कॅसेट भरून आणली. 'विश यू वेअर हिअर'. भरलेल्या कॅसेटला शब्दांचा कागद कुठला असायला! काकांच्या पूर्व भागातल्या घरी, खाली माग आणि वर माळा. माग चालू असले की माळ्याची फळी थरथरायची, काहीच ऐकू यायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की आम्ही टेप लावायचो. एक ओळ ऐकायची, थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची. मी वहीत देवनागरीत उतरवायचो, काका डिक्शनरीत शब्द शोधायचे. काकांच्या घरात तेलुगू, माझ्या घरात मराठी, आणि हे इंग्रजी दोघांनाही परकंच. एका गाण्याला आठ दिवस लागले.

कॅसेटच्याच नावाच्या त्या गाण्यात विचारलंय, तुला स्वर्ग आणि नरक, निळं आकाश आणि वेदना यांतला फरक कळतो का? पुढे हिरवं रान आणि गार पोलादी रूळ. तो 'रेल' शब्द आम्हाला 'मेल' ऐकू आला. मेल गाडी पोलादाचीच असते, म्हणून शंकासुद्धा आली नाही.

हे गाणं कोणाच्या आठवणीतलं, ते नंतर वाचलं. सिड बॅरेट हा बँडच्या सुरुवातीचा माणूस, मन बिघडल्यामुळे १९६८ साली बाहेर पडला. जून १९७५ मध्ये त्याच्याच आठवणीतल्या गाण्यांचं काम चालू असताना तो अचानक स्टुडिओत आला. जाड झालेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. जवळच्या मित्रांनाही आधी ओळखू आला नाही. हे वाचून काका माळ्यावर बराच वेळ गप्प बसले होते.

१८ फेब्रुवारी २००७, रविवार. त्याच बँडमधला पूर्वीचा रॉजर वॉटर्स मुंबईत, वांद्र्याच्या एमएमआरडीए मैदानावर. तिकिटं दोन काढली होती. ऐन वेळी काकांची टॉवेलची ऑर्डर अडकली, कामगार गावाला गेलेले, माग स्वतःच चालवावे लागले. मी एकटाच सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलो. दुसरं तिकीट खिशातच राहिलं. कोणाला विकायला हात झाला नाही.

पहिल्या भागातच ते गाणं आलं. गिटारचे पहिले सूर ऐकले आणि मी काकांना फोन लावला. पलीकडे मागांचा खडखडाट. मी ओरडलो, "बंद कर सगळं!" एकेक माग थांबत गेला, ते मला फोनमधून कळत होतं. मी फोन वर धरला. थोड्या वेळाने कानाला लावला तर काका म्हणाले, "नुसता गोंगाट येतोय रे. कुठली ओळ चालू आहे, सांग." मी ओळ सांगितली, आणि त्यांनी तिथूनच उचलली. इकडे माझ्या भोवती हजारो माणसं गात होती, तिकडे बंद मागांमध्ये ते एकटे. रोमिंगचे पैसे कापले जात होते. माशांच्या काचेच्या भांड्यात फिरणाऱ्या दोन जिवांची ओळ चालू असताना बॅलन्स संपला.

ती ओळ, सोनू. दोघे जण, वर्षानुवर्षं त्याच भांड्यात. माझी आवडती ती. तेव्हापासून दुसरी कुठली तिच्या जवळपास आली नाही.

खरा शब्द 'रेल' आहे, हे मला त्याच रात्री शेजारच्या पोराच्या तोंडून कळलं. सकाळी सोलापूरला उतरून तसाच काकांकडे गेलो आणि पहिलं तेच सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याला मेलच राहू दे."

वही शेंगाचटणीच्या पार्सलमध्ये घातली आहे, वेगळ्या पिशवीत, तेल लागणार नाही. त्या गाण्याच्या पानावर सतराव्या ओळीच्या समासात काकांनी माशाचं चित्र काढलंय, ते बघ. आणि रविवारी त्यांना फोन कर. हल्ली चारातले दोनच माग चालतात, दुपारी मोकळे असतात.

तुझे पप्पा